मागच्या रांगेतला वजदी

रास जिनान गावात फरजानीनं काढलेला फोटो नाही असं एकही घर नव्हतं. बंदरामागच्या गल्लीत, जाळी दुरुस्त करणाऱ्यांच्या ओट्याला लागून त्याचं दुकान. दारावर निळ्या अक्षरांत 'स्टुडिओ' एवढंच लिहिलेलं. नाव घालायची कधी गरज पडली नाही, कारण गावात दुसरा फोटोवाला नव्हताच. सुंतेचे कपडे घातलेली रडवेली पोरं, शाळेत नाव घालायला आणलेल्या पोरी, हजला निघालेले म्हातारे, मेंदीनं हात भरलेल्या नवऱ्या, सगळे कधी ना कधी त्याच्या पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसून गेले होते. मागच्या खोलीत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत एकोणऐंशी सालापासूनच्या निगेटिव्ह वर्षवार लावलेल्या होत्या.

"उद्या गाव वाहून गेलं तरी या डब्यांतून पुन्हा उभं करीन," तो बायकोला म्हणायचा.

"आधी माझ्या स्वयंपाकघरातून नेलेले डबे परत कर," सालहा म्हणायची. "मग गाव उभं कर."

फोटोचं काम तो स्फाक्स शहरात एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली नऊ वर्षं शिकला होता. तेव्हाचा कॅमेरा विटेसारखा जड आणि फ्लॅशची बॅटरी खांद्याला लटकवायची, तीही तेवढीच जड. पण त्या फ्लॅशमध्ये जीव होता. आधी पावलं मोजायची, फ्लॅशच्या आकड्याला अंतरानं भागायचं आणि येईल त्या आकड्यावर लेन्सचं तोंड ठेवायचं. फ्लॅश इतका जोरकस असे की तोंड अगदी बारीक ठेवलं तरी उजेड शेवटच्या रांगेपर्यंत पोचे. आणि तोंड बारीक असलं की पुढच्याच्या बुटाच्या नाडीपासून मागच्या भिंतीतल्या खिळ्यापर्यंत सगळं लख्ख येई. लग्नात चाळीस-चाळीस माणसं एका फोटोत बसवून फरजानी एकदाच बटण दाबायचा आणि सामान आवरायला लागायचा. लोक म्हणायचे, "अरे, आणखी एक तरी काढ!" तो म्हणायचा, "कशाला? तुम्ही काय आता जास्त सुंदर दिसणार आहात?"

दोन हजार सहा साली मदनीनमधली फिल्म धुणारी लॅब बंद झाली. तिथला माणूस म्हणाला, "फरजानी, आता फक्त तू येतोस आणि एक दातांचा डॉक्टर येतो. तुम्हा दोघांसाठी मी रसायनं मागवू?" मग फरजानीनं स्फाक्सहून एक वापरलेला डिजिटल कॅमेरा आणला, आणि त्याच्या डोक्यावर बसणारा मुठीएवढा फ्लॅश.

त्या दोघांशी त्याचं कधी जमलं नाही. कॅमेरा फोकस स्वतःच करायचा. उन्हात बरा करायचा, पण अंधुक जागी आंधळ्यासारखा चाचपडायचा. लेन्स घरघरत पुढे-मागे फिरायची आणि जे काही चकाकताना सापडेल त्याला जाऊन धरायची. फ्लॅश उडायचा तो नंतर, फोटो निघताना. फोकस शोधायच्या वेळी अंधार तो अंधारच. शिवाय फ्लॅशमध्ये जोर नाही म्हणून लेन्सचं तोंड सताड उघडावं लागे, आणि तोंड उघडलं की नीट दिसण्याचा पट्टा अरुंद होऊन बसे. त्या पट्ट्यात जो सापडला तो सापडला. त्याच्या पुढे-मागे असलेला माणूस पाण्यात पडलेल्या साखरेसारखा कडांपासून विरघळायचा.

हे सगळं फरजानीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं त्याला कधी म्हणता आलं नाही, आणि पुढे तेच त्याला छळत राहिलं. पण पन्नाशी उलटली होती, जवळचं दिसेनासं झालं होतं, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर काडेपेटीएवढा पडदा होता. काडेपेटीएवढ्या पडद्यावर कुठलाही फोटो सुरेखच दिसतो. हळूहळू त्याला पडद्याकडे बघून "झालं!" म्हणायची सवय लागली.

दोन हजार आठच्या मार्चमध्ये गावच्या वीस वर्षांखालच्या फुटबॉल संघानं दक्षिणेचा कप जिंकला. गावात असा आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. फोटो मैदानावर काढायचा ठरलं होतं, पण दुपारी समुद्राकडून वारा सुटला आणि आडवा पाऊस यायला लागला. तेव्हा संघाचे अध्यक्ष हाजी मुंजी यांनी सगळ्यांना आपल्या तेलघाण्याच्या गोदामात नेलं. आत तेलाचे रांजण, गोण्या, ऑलिव्हच्या चोथ्याचा उग्र वास, आणि उजेडाला वर एकच नळी, तीही मिचमिचणारी. पोरांच्या तीन रांगा केल्या. पहिली जमिनीवर, दुसरी बाकावर, तिसरी मागे खोक्यांवर उभी. सगळ्यांच्या पुढे एका तिपाईवर कप ठेवला, घासूनपुसून आरशासारखा केलेला.

तिसऱ्या रांगेच्या मधोमध वजदी उभा होता. संघाचा गोलकीपर, एकोणीस वर्षांचा, ताडमाड उंच. उजवी भुवई लहानपणी नावेच्या कडेवर आपटून मधोमध तुटलेली, त्यामुळे तो सतत काहीतरी विचारतोय असं वाटायचं. बाप लहानपणीच गेलेला. आई मबरूका मासे खारवायच्या शेडमध्ये कामाला जायची.

"फरजानीकाका, मी इथे मागे आहे हं!" वजदी ओरडला. "हा लतीफ मुद्दाम मान वर करतोय."

"तुला झाकायला लतीफ कशाला, मशिदीचा मनोरा आणावा लागेल," फरजानी म्हणाला, आणि सगळे हसले.

"अरे, आटप!" हाजी मुंजी दारातून ओरडले. "तिकडे जेवायला केलेला कुसकुस गार होतोय. फोटो काढतोयस की घर बांधतोयस?"

फरजानीनं कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्स घरघरली, पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. पोरं चुळबुळायला लागली. शेवटी कॅमेऱ्यानं टुक्‌ केलं, त्यानं बटण दाबलं. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा फ्लॅश अजून भरला नव्हता, अर्धवटच उडाला. तिसऱ्यांदा नीट उडाला, पण तोवर वजदी मान वळवून लतीफच्या कानात काहीतरी बोलत होता. फरजानीनं पडद्याकडे पाहिलं. कप, पोरं, दात, सगळं जागच्या जागी.

"झालं!" तो म्हणाला.

तळहातापेक्षा थोड्या मोठ्या आकारात त्यानं त्या फोटोच्या प्रती काढल्या, आणि गावभर त्या भिंतींवर लागल्या. कुणी काही बोललं नाही. मेमध्ये कहवाखान्याच्या शाजलीनं तोच फोटो स्फाक्सहून दाराएवढा मोठा करून आणला आणि कोळशाच्या शेगडीवरच्या भिंतीला ठोकला. फरजानी संध्याकाळी चहाला गेला तेव्हा चार जण फोटोखाली उभे होते.

"काय रे फरजानी," शाजली म्हणाला, "मागच्या रांगेला मोतीबिंदू झालाय की काय?"

"एवढा ताणल्यावर काय होणार? कागदच हलका वापरलाय त्यांनी," फरजानी म्हणाला.

"कागदाचा दोष होय! मग कपाचा कागद बरा निघाला."

तो हसला, बदाम घातलेला चहा संपवला आणि घरी न जाता दुकानात गेला. संगणकावर मूळ फोटो उघडून मोठा करत नेला. कॅमेऱ्यानं कप पकडला होता. कपावर कोरलेली अक्षरं, साल, खालची महिरप, सगळं वाचता येत होतं. पुढच्या रांगेतल्या पोरांचे चेहरे बरे होते. दुसऱ्या रांगेतले डोळे ओलसर, सुजल्यासारखे. आणि तिसऱ्या रांगेत चेहरे नव्हतेच, चेहऱ्यांच्या रंगाचे डाग होते. त्यानं बाकीचे दोन पाहिले. तिन्हींत तेच. त्यानं संगणक बंद केला. उद्या पोरांना मैदानात बोलवावं, उन्हात पुन्हा काढावा, असं त्याच्या मनात आलं. पण मग कहवाखान्यात सगळ्यांना कळलं असतं की दोष कागदाचा नव्हता.

जुलैत एका दुपारी वजदी दुकानात आला. लग्नसराई ऐन भरात होती. फरजानी एका नवरीचा अल्बम चिकटवत बसला होता.

"काका, माझा एकट्याचा एक फोटो काढा ना," वजदी म्हणाला. "आई म्हणते, त्या कपाच्या फोटोत तुझं नाकसुद्धा मला सापडत नाही."

फरजानीला ते झोंबलं. "आईला म्हणावं, चष्मा लाव."

"सांगतो," वजदी हसला. "पण काढता ना?"

"आत्ता हात बघ माझे, डिंकानं भरलेत. शनिवारनंतर ये."

"शनिवारनंतर," वजदी म्हणाला. त्यानं काउंटरवर बोटांनी थोडा वेळ ठेका धरला, भिंतीवरच्या नवऱ्यांकडे पाहिलं. "बरं काका. येतो."

तो पुन्हा आला नाही. फरजानीच्याही ते डोक्यातून गेलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सव्वीस पोरं एका नावेतून चोरून समुद्रापलीकडे, इटलीला जायला निघाली. त्यांतली चार रास जिनानची होती, आणि त्या चारांत वजदी होता. पोरं पोचली की तिसऱ्या दिवशी फोन येतो हे गावाला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी फोन आला नाही. चौथ्या दिवशी लोक म्हणाले, वारा फिरला असेल. सहाव्या दिवशी कुणीतरी म्हणालं, पकडलेत, इटलीच्या कुठल्याशा छावणीत ठेवलेत. मग कुणीतरी म्हणालं, माल्टात आहेत. मग लोक त्या चार घरांसमोरून जाताना हळू बोलायला लागले.

अकराव्या दिवशी सकाळी मबरूका दुकानात आली. डोक्यावरून पांढरी सफसारी, हातात तो कपाचा फोटो, पिशवीत घालून आणलेला.

"भाऊ, याच्यातनं माझा पोरगा तेवढा काढून दे," ती म्हणाली. "मोठा कर. हातात धरता येईल एवढा. बाकीच्या तिघांच्या आयांकडे आहेत फोटो. आम्ही राजधानीला जाणार आहोत. तिथे टीव्हीवाले येतात म्हणे, छावणीतनं सुटून आलेली पोरं येतात. कुणी पाहिला असेल तर ओळखेल."

फरजानीनं विचारलं, "ताई, घरात दुसरा नाही का एखादा? ओळखपत्राचा?"

"ओळखपत्र तो घेऊन गेला. तुझ्याकडेच काढला होता ना तो फोटो? मागच्या वर्षी. चार प्रती दिल्यास. तीन त्यांनी कचेरीत लावून घेतल्या, एक तो पाकिटात ठेवायचा."

काढला होता. फरजानीला आठवलं. आणि हेही आठवलं की त्या महिन्यात कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं होतं, म्हणून त्यानं ओळखपत्रांचे सगळे फोटो पुसून टाकले होते. सत्तावीस वर्षांच्या निगेटिव्ह पत्र्याच्या डब्यांत होत्या. गेल्या दोन वर्षांचं गाव कुठेच नव्हतं.

तरी त्यानं तिला बसवलं, चहा मागवला आणि संगणक लावला. वजदीचं डोकं कापून मोठं केलं. ती पुढे वाकून बघत राहिली. जसजसा तो मोठा करत गेला तसतसा वजदी निघून जात होता. डोळ्यांच्या जागी दोन काळसर बोळे, तोंडाच्या जागी एक फिकट रेघ. तुटकी भुवई सलग झाली होती.

"अजून कर," ती म्हणाली.

"ताई, आणखी मोठा केला तर आणखी बिघडेल."

"मग लहान कर."

त्यानं लहान केला. लहान केला की तो वजदी वाटायचा, मोठा केला की कुणीच नाही. असं तीन-चारदा झालं. शेवटी तिनं आपल्या हातातल्या फोटोकडे पाहिलं. "कप तर किती छान आलाय," ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. फरजानीला वाटलं, टोमणा असता तर बरं झालं असतं.

मग तो मागच्या खोलीतून डबे घेऊन आला. वजदी सहा वर्षांचा, सुंतेच्या कपड्यांत, लाल टोपी घालून. वजदी बारा वर्षांचा, शाळेच्या पाटीसमोर. दोन्ही निगेटिव्ह इतक्या स्वच्छ की पापण्या मोजाव्यात. मबरूकानं त्या उजेडापुढे धरून पाहिल्या.

"बारा वर्षांच्या पोराला कोण शोधत बसेल, भाऊ?" ती म्हणाली. "दाढी आली होती त्याला."

फरजानी आठ दिवस त्या फोटोला चिकटून बसला. कडा गडद करून पाहिल्या, उजेड कमी-जास्त केला, तिन्ही फोटो एकावर एक ठेवून पाहिले. फिल्म असो नाहीतर डिजिटल, जे लेन्सनं पकडलंच नाही ते मागाहून आणता येत नाही, हे उस्तादानं त्याला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. सालहा जेवण झाकून ठेवायची आणि ते तसंच राहायचं. नवव्या दिवशी तो इंटरनेटच्या दुकानातल्या रम्झीकडे गेला. रम्झीला संगणकातलं बरंच कळायचं. तो म्हणाला, "दोन दिवस द्या, काका."

दोन दिवसांनी रम्झीनं दिलेल्या फोटोत खरोखर चेहरा होता. डोळे होते, बुबुळं होती, ओठ होते. दाढीचे केससुद्धा दिसत होते. फरजानीला क्षणभर हायसं वाटलं. तो तसाच मबरूकाच्या घरी गेला. ती दारात मसाल्यासाठी मिरच्या निवडत होती. तिनं हात पुसून फोटो घेतला. पाहिला. उलटा करून कागदाची मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला.

"हा कुणाचा मुलगा आहे?" तिनं विचारलं.

तिनं फोटो त्याच्या हातात परत दिला.

"चांगलाय दिसायला," ती म्हणाली. "याच्या आईला दे."

पुढे कळलं की रम्झीनं डोळे कुठल्याशा गायकाचे घेतले होते.

नोव्हेंबरात चौघी आया राजधानीला निघाल्या तेव्हा फरजानीही त्यांच्याबरोबर गेला. तू कशाला, असं कुणी विचारलं नाही. सालहानं त्याच्यासाठी पाव, मिरचीचा हरीसा आणि उकडलेली अंडी बांधून दिली आणि एवढंच म्हणाली, "जा. इथे बसून तू वेडा होशील."

बसमध्ये मबरूका त्याच्या शेजारी होती. गाबेस मागे पडल्यावर त्यानं तिला सांगून टाकलं. जुलैत वजदी आला होता, एकट्याचा फोटो काढा म्हणाला होता, आणि आपण त्याला शनिवारनंतर ये म्हणालो. सांगताना तो समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होता. ती आरडाओरडा करेल, तोंडावर थुंकेल, असं त्याला वाटत होतं. थोडंफार तसं व्हावं असंही वाटत होतं.

तिनं मांडीवरची फोटोची पिशवी नीट धरली. मग तिनं विचारलं, "अंगात काय होतं त्याच्या?"

फरजानीनं आठवायचा प्रयत्न केला. डिंक आठवला, अल्बम आठवला, काउंटरवरची बोटं आठवली. "आठवत नाही, ताई."

"पिवळा शर्ट होता का?"

"नाही आठवत."

"हसत होता?"

"हो. हसत होता."

"बरं," ती म्हणाली, आणि खिडकीकडे वळली.

राजधानीत एका इमारतीच्या पायऱ्यांवर निरनिराळ्या गावांच्या तीस-चाळीस बायका हातांत फोटो धरून उभ्या होत्या. सगळ्या फोटोंतली पोरं ठसठशीत. कुणी मोटारसायकलवर, कुणी लग्नात, कुणी गॉगल लावून. मबरूकाच्या हातात फरजानीनं मोठा करून दिलेला वजदी, म्हणजे धुक्याचा एक उंचच उंच तुकडा होता. येणारे-जाणारे फोटोंवरून नजर फिरवत चालायचे, तिच्यापाशी अडखळायचे आणि पुढच्या फोटोकडे वळायचे. दुसऱ्या दिवशी एक भला माणूस तिच्यापुढे थांबला. डोळे बारीक करून बघत म्हणाला, "बाई, जरा हलवू नका, म्हणजे दिसेल."

"मी हलवत नाहीये," मबरूका म्हणाली.

पायऱ्यांच्या खाली उभ्या असलेल्या फरजानीनं ते ऐकलं आणि तोंड फिरवलं.

फेब्रुवारीत मदनीनच्या एका वकीलबाईंचा निरोप आला. सिसिलीच्या किनाऱ्याला त्या सप्टेंबरात नऊ प्रेतं लागली होती आणि तिथल्या कुणीतरी त्यांचे फोटो पाठवले होते. बाकीच्या तिघींच्या घरचे पुरुष गेले आणि मान हलवत परत आले. मबरूका स्वतः गेली. "तू चल," ती फरजानीला म्हणाली. "तुला फोटोतलं कळतं."

वकीलबाईंनी आठ फोटो बाजूला ठेवले आणि नववा पुढे सरकवला. "हा उंच होता. बाकीचे मापानं बसत नाहीत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला बघवेल का?"

फोटो फ्लॅशनं काढलेला होता आणि नजर वळवावीशी वाटेल इतका स्वच्छ होता. चादरीचा धागान्‌धागा, बोटाला बांधलेल्या चिठ्ठीवरचा आकडा, टेबलाच्या कडेचा गंज, सगळं फोकसमध्ये होतं. फक्त जिथे चेहरा असायचा तिथे समुद्रानं काही ठेवलं नव्हतं. फरजानीच्या मनात आलं, काढणाऱ्यानं अंतर बरोबर मोजलं होतं. आणि असा विचार आला म्हणून त्याला स्वतःची किळस आली.

मबरूकानं फोटो खूप वेळ पाहिला. हात पाहिले, पाय पाहिले. "हाताचा पंजा त्याच्यासारखा आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही. त्याचा मोठा होता." मग फोटो फरजानीपुढे धरला. "भाऊ, तू त्याला लहानपणापासून बघितलंस. तू सांग. हा आहे का?"

हो म्हणालं तर निदान ती रडून मोकळी होईल. नाही म्हणालं तर आणखी काही वर्षं दाराकडे बघत जगेल. यातलं काहीतरी एक म्हणावं, असं त्याला खूप वाटलं. दोन्हीपैकी एकही त्याच्या तोंडून बाहेर पडेना.

"मला सांगता येत नाही, ताई," तो म्हणाला.

"तुलासुद्धा नाही," ती म्हणाली.

वकीलबाईंनी तिच्या रक्ताचा नमुना घ्यायची व्यवस्था केली. तो पलीकडे पाठवला. उत्तर येईल असं सांगितलं. उन्हाळा गेला, उत्तर आलं नाही. हिवाळ्यात मबरूकानं फोन केला तेव्हा कळलं की वकीलबाई दुसऱ्या शहरी गेल्या आणि कागद कुणाकडे आहेत ते नव्या माणसाला ठाऊक नाही. फरजानी दोनदा जाऊन आला. दुसऱ्या वेळी त्याला बसायलाही सांगितलं नाही.

तोवर त्यानं लग्नं घेणं बंद केलं होतं. लोक बोलवायचे, तो म्हणायचा डोळे गेलेत. डोळे काही गेले नव्हते. पण माणसांच्या रांगा समोर उभ्या राहिल्या की त्याची नजर पुढच्यांवर ठरतच नसे. तो मागच्यांकडे बघत बसे, आणि बटण दाबायचं राहून जाई. कहवाखान्यातला तो दाराएवढा फोटो शाजलीनं काढून टाकला होता. का काढला ते त्यानं सांगितलं नाही आणि फरजानीनं विचारलं नाही. पूर्वीसारखी थट्टा मात्र त्यानं पुन्हा कधी केली नाही, आणि त्यामुळे फरजानीनं तिथे जाणंच सोडलं.

आणखी एक वर्ष गेल्यावर, ऑलिव्हचा हंगाम संपताना, मबरूका दुकानात आली. नवी सफसारी, डोळ्यांत सुरमा.

"माझा फोटो काढ," ती म्हणाली.

"ताई, मी आता..."

"मी गाबेसला जातेय, बहिणीकडे. इथे एकटीला निभत नाही. कदाचित तिकडेच मरेन." हे ती दळणाची गोष्ट सांगावी तशा सुरात म्हणाली. "तो आला तर घराला कुलूप दिसेल, मग तुझ्याकडेच विचारायला येईल. आईचा एक फोटो तरी त्याच्याजवळ असावा."

फरजानीनं स्टूल उचलून दुकानाबाहेर भिंतीशी उन्हात ठेवलं. फ्लॅश काढून आत ठेवला. जाळीवाले काम थांबवून बघत होते, त्यांच्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही. पावलं मोजली. कॅमेऱ्याला स्वतःचं डोकं चालवू न देता हातानं फोकस केला, डाव्या डोळ्यावर, मग पुन्हा एकदा डाव्या डोळ्यावर. चौदा फोटो काढले. आत जाऊन एकेक संगणकावर मोठा करून पाहिला. डोळ्यातला सुरमा, हनुवटीवरचं जुनं गोंदण, वरच्या ओठावरच्या सुरकुत्या, त्या दोन वर्षांनी गालांत पाडलेल्या खाचा, काहीही सुटलं नव्हतं. इतका चांगला फोटो त्यानं कित्येक वर्षांत काढला नव्हता.

छापून तिच्या हातात दिला. ती उंबऱ्यावर बसून बघत राहिली.

"ही मी?" ती म्हणाली.

"हो, ताई."

"एवढी म्हातारी झाले?" तिनं फोटो थोडा लांब धरला, मग जवळ आणला. "तो ओळखेल का रे मला?"

"ओळखेल," फरजानी म्हणाला.

"तू म्हणतोस," ती म्हणाली. फोटो तिनं नेला नाही. पालथा करून काउंटरवर ठेवला, वर हात ठेवून थोडी उभी राहिली, आणि गेली. तिसऱ्या दिवशी तिची बहीण येऊन तिला घेऊन गेली. पुढच्या रमजानमध्ये ती तिकडेच वारली, असं लतीफच्या आईनं सालहाला सांगितलं.

स्टुडिओचा पांढरा पडदा फरजानीनं उतरवला. आता तिथे तो वह्या, पेन्सिली आणि फोनची कार्डं विकतो. मबरूकाचा फोटो काउंटरच्या खणात असतो. वजदी येईल असं त्याला एक दिवसही वाटलेलं नाही. त्या वकीलबाईंच्या टेबलावर जे पाहिलं ते वजदीच होतं की नाही, याचा विचार तो रोज करतो आणि रोज तिथेच येऊन थांबतो. तरी शुक्रवारीसुद्धा दुकान उघडं ठेवतो. नमाजासाठी सगळी गल्ली बंद असते, मांजरंसुद्धा बंदराकडे गेलेली असतात, आणि हा काउंटरमागे बसलेला.

"आज कोण येणार आहे?" सालहा विचारते.

तो किल्ल्या उचलतो. जेवण झाकून ठेव म्हणतो आणि निघतो.